गच्चीवर पडणारी काजळी उपग्रहाला दिसते का?

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा: गावापासून तीन-चार किलोमीटरवर साखर कारखाना आहे. गाळप सुरू झालं की वाळत घातलेल्या कपड्यांवर, कुरडयांवर काजळी पडते. कारखान्याचे लोक म्हणतात, आमची धूर गाळायची यंत्रणा व्यवस्थित चालू आहे, शेतकरी पाचट (उसाची वाळकी पानं) पेटवतात त्याची ही काजळी. शहरातल्या फलकावर हवा ‘समाधानकारक’. मोबाइलवरच्या अॅपमध्ये मात्र आमचा सगळा भाग उपग्रहाच्या नकाशावर लाल. हा नकाशा छापून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केली तर चालेल का? आणि कार्बन डायऑक्साइड, मिथेनही आता उपग्रहावरून मोजतात म्हणे. मग कारखान्याचा तोही हिशेब निघेल का?

सर, आधी उत्तर सांगतो. तो नकाशा तक्रारीला जोडू नका. तुमच्या काजळीशी त्याचा जवळजवळ काही संबंध नाही, आणि समोरचा अधिकारी जाणकार असेल तर तो पहिल्या दोन मिनिटांत तुमचा कागद बाजूला ठेवेल. उपग्रह तुमच्या कामाचे आहेत, पण वेगळ्या ठिकाणी आणि वेगळे उपग्रह. अनेक वर्षं हाच डेटा चाळत बसण्याचं काम करतो, म्हणून जरा पसरून लिहितो.

पहिली गोष्ट, अॅपवरचा तो लाल रंग बहुतेक उपग्रहाचा नाहीच. हवेची अशी सलग रंगीत चित्रं दाखवणारी बरीचशी अॅप्स संगणकी मॉडेलचा अंदाज दाखवतात. युरोपच्या कोपर्निकस सेवेचं जागतिक मॉडेल त्यात बरंच वापरलं जातं आणि त्याचा एक चौकोन, म्हणजे एकच आकडा मिळणारा तुकडा, सुमारे ४० किलोमीटरचा असतो. म्हणजे सोलापूर आणि मोहोळ एकाच चौकोनात बसावेत एवढा. अॅप मग त्या चौकोनांच्या कडा गुळगुळीत करून देतं आणि पाहणाऱ्याला वाटतं, आपल्या गावावरचा रंगसुद्धा वेगळा मोजलाय. त्यातून लाल कुठे सुरू करायचा हे नकाशा काढणारा ठरवतो. मोजपट्टी बदलली की तेच आकडे हिरवे दिसतात. म्हणून नकाशा कुठलाही असो, आधी कोपऱ्यातली मोजपट्टी, एकक आणि वेळ पाहायची. ती नसेल तर पुढे जायचं.

आता खरा उपग्रह काय पाहतो ते. हवेच्या प्रदूषणासाठी सध्या सगळ्यात जास्त वापरला जाणारा म्हणजे ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडलेला सेंटिनेल-५पी. त्यावरच्या यंत्राचं नाव ट्रोपोमी. हे यंत्र सुमारे ८२५ किलोमीटर उंचीवरून खाली पाहतं आणि जमिनीवरून परत फिरलेला सूर्यप्रकाश रंगारंगांत सुटा करतं. प्रत्येक वायू ठरावीक रंगाचा उजेड गिळतो. नायट्रोजन डायऑक्साइड निळ्या भागात, मिथेन डोळ्यांना न दिसणाऱ्या २.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासच्या अवरक्त भागात. कुठल्या रंगाचा उजेड किती कमी आला यावरून वाटेत तो वायू किती होता हे काढतात. थोडक्यात उपग्रहाच्या हाती उजेडातली तूट लागते. बाकी सगळं गणित आहे, आणि त्या गणितात जमिनीचा रंग, ढग, धूळ, सूर्याचा कोन असं बरंच काही गृहीत धरलेलं असतं.

यातून दोन अडचणी निघतात. एक म्हणजे हाती येतो तो जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतचा एकूण आकडा. दहा मजली इमारतीत एकंदर माणसं किती हे कळावं, पण तळमजल्यावर किती हे कळू नये, तसं. तुम्ही श्वास घेता तो तळमजल्यावर. सोलापूरच्या आकाशात मजल्यामजल्याने मोजणी झालीच नाही असं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये इथेच कृत्रिम पावसाचा मोठा प्रयोग केला, तेव्हा विमानं ढगांत शिरून थेंब आणि सूक्ष्म कण मोजत होती. पण ते पावसाळ्यात, आणि तेवढ्यापुरतं. रोज कोण विमान उडवणार?

दुसरी अडचण वेळेची. सेंटिनेल-५पी आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या आसपास जातो. हिवाळ्यात सोलापूरची हवा सगळ्यात वाईट असते ती पहाटे आणि रात्री, गार हवेचा थर जमिनीलगत झाकणासारखा बसतो तेव्हा. दुपारी दीडपर्यंत ऊन तापून हवा वर-खाली ढवळलेली असते. सोलापूरच्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम रात्री होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी उपग्रह येईपर्यंत त्यातलं बरंचसं वाऱ्यावर गेलेलं असतं. कोरियाच्या उपग्रहावरचं जेम्स हे यंत्र एकाच जागी थांबून दिवसभर दर तासाला पाहतं, पण त्याची नजर साधारण ७५ अंश पूर्व रेखांशापर्यंत पोचते आणि सोलापूर आहे ७५.९ वर, म्हणजे अगदी काठावर. नशीब म्हणायचं आपलं!

आता चौकोनाचा आकार. ट्रोपोमीचा एक चौकोन, उपग्रह बरोबर डोक्यावर असताना, साडेपाच गुणिले साडेतीन किलोमीटरचा. बाजूला असताना आणखी मोठा. सोलापूर महानगरपालिकेची हद्द सुमारे १८० चौरस किलोमीटर, म्हणजे सगळं शहर नऊ-दहा चौकोनांत संपलं. अक्कलकोट रोडची एमआयडीसी, तिथले यंत्रमाग, शेजारची वस्ती आणि रस्त्यावरचे ट्रक, सगळे एकाच चौकोनात. यातून एका चिमणीकडे बोट दाखवणं एका दिवसाच्या चित्रावरून अशक्य आहे.

आणि आता तुमची काजळी. ती उपग्रहाला दिसत नाही. अजिबात नाही. बगॅसची, म्हणजे कारखाना बॉयलरमध्ये जाळतो त्या उसाच्या चोथ्याची, काजळी मिलिमीटरच्या काही दशांशांपासून थेट मिलिमीटरपर्यंतची असते. ती जड असते, चिमणीतून निघून दोन-चार किलोमीटरांत खाली बसते. उपग्रह ज्या कणांवरून विखुरलेला उजेड मोजतात ते कण एका मायक्रॉनच्या मागेपुढे, म्हणजे तुमच्या काजळीच्या शेकडो पट लहान. शिवाय काजळी कुठे पडते? तीन-चार गावांच्या पट्ट्यात, बहुधा रात्री. म्हणजे आकार चुकीचा, जागा अपुरी, वेळ उलटी. तुमचा त्रास खरा आहे आणि उपग्रहाच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नाही, असा हा प्रकार. शहरातल्या फलकावरही तो येणार नाही, कारण ते यंत्र पीएम १० आणि पीएम २.५, म्हणजे १० आणि २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण मोजतं, हे काळे तंतू त्याच्या तोंडाच्या चाळणीबाहेरच राहतात. फलक खोटं बोलतो असं समजू नका, तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय.

पीएम २.५ उपग्रहावरून काढतात, ते कसं? उपग्रहांवरची मोडिस, व्हीअर्स यांसारखी यंत्रं हवेतल्या कणांमुळे उजेड किती अडला हे मोजतात आणि त्यावरून जमिनीलगतचं प्रमाण अंदाजतात. उत्तर भारतात हे बरं जमतं. आपल्याकडे जरा जपून. मे महिन्यात हवेचा ढवळला जाणारा थर खूप उंच जातो, काळ्या रानातली धूळ त्यात वरपर्यंत चढते. उपग्रहाचा आकडा फुगतो पण नाकाशी तेवढं नसतं. जानेवारीत उलटं. जून ते सप्टेंबर ढगांमुळे डेटा इतका तुटक की त्या चार महिन्यांची सरासरी काढणाऱ्याला मी दोनदा विचारतो, किती दिवसांची काढलीस रे?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण यात गंमत आहे. कार्बन डायऑक्साइड.

नायट्रोजन डायऑक्साइड हवेत काही तास टिकतो. त्यामुळे तो जिथे निघाला तिथेच दाट दिसतो. सिंगरौली, चंद्रपूर, मुंबई ही ठिकाणं नकाशावर उठून दिसतात ती त्यामुळे. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. तो शतकानुशतकं हवेत राहतो, सगळीकडे मिसळलेला असतो, आणि सध्या ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) वर आहे. त्यावर एखाद्या चिमणीने टाकलेली भर शोधायची म्हणजे काय ते आपल्याच जिल्ह्याच्या उदाहरणाने पाहू. फताटेवाडीचा एनटीपीसीचा प्रकल्प १३२० मेगावॉटचा, ६६० चे दोन संच. कोळशावरचा एवढा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला तर ताशी साधारण हजार-बाराशे टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे सेकंदाला सव्वातीनशे किलोच्या आसपास. वारा सेकंदाला ५ मीटर धरा आणि कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या नासाच्या ओसीओ-२ उपग्रहाचा ठसा, म्हणजे एका मोजणीचा तुकडा, सव्वादोन किलोमीटर लांबीचा धरा. भागाकार केला की प्रत्येक चौरस मीटरच्या डोक्यावर भर पडते सुमारे ३० ग्रॅमची. त्याच चौरस मीटरवर आधीपासून किती कार्बन डायऑक्साइड आहे? सहा-साडेसहा किलो. म्हणजे साडेसहा किलोत तीस ग्रॅम, पीपीएममध्ये सांगायचं तर फार तर दोनची वाढ. चांगल्या दिवशी ओसीओ-२ ला एवढा फरक पकडता येतो. २०१७ मध्ये कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी मध्य प्रदेशातल्या सासन प्रकल्पासकट जगातल्या काही मोठ्या कोळसा प्रकल्पांचं उत्सर्जन असं काढून दाखवलंही. पण ओसीओ-२ ची नजर जेमतेम १० किलोमीटर रुंद, आणि त्याच रेषेवर परत यायला १६ दिवस. तो नेमका प्रकल्पाजवळून, वाऱ्याच्या बाजूने, ढग नसताना गेला तरच.

आता हेच गणित साखर कारखान्याला लावा. दिवसाला ५००० टन ऊस गाळणारा कारखाना धरला तर बगॅस निघतं साधारण चौदा-पंधराशे टन, अर्धं पाणीच. ते सगळं जाळलं तर ताशी पन्नासेक टन कार्बन डायऑक्साइड. वीजप्रकल्पाच्या विसाव्या हिश्श्याहून कमी. म्हणजे साडेसहा किलोत दीड ग्रॅमही नाही. हे आजच्या कुठल्याही उपग्रहाला दिसणार नाही. आणि दिसलं असतं तरी हरितगृह वायूंच्या हिशेबात ते कारखान्याच्या नावावर पडत नाही, कारण उसाने तो कार्बन गेल्या वर्षभरात हवेतूनच घेतलेला असतो. काजळीला मात्र ही सवलत नाही. ती उसाची असो की कोळशाची, फुप्फुसाला सारखीच.

नव्या उपग्रहांत शहाणपणाचा एक बदल झालाय. जळताना कार्बन डायऑक्साइडबरोबर नायट्रोजन डायऑक्साइडही निघतो आणि त्याचा धूरपट्टा ठळक दिसतो. म्हणून दोन्ही एकाच वेळी मोजायचे, ठळक पट्ट्याच्या वाटेने जाऊन पुसट वायू शोधायचा. जपानने जून २०२५ मध्ये सोडलेला गोसॅट-जीडब्ल्यू हेच करतो, युरोपचे येऊ घातलेले सीओटूएम उपग्रहही करणार आहेत. सोलापूरसारख्या जिल्ह्याला खरा फायदा होईल तो यांचा.

मिथेनचं थोडक्यात. ट्रोपोमी मिथेन मोजतो, पण एका फेरीत दिसायला गळती तासाला कित्येक टनांची लागते. २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी दिल्ली, मुंबई, लाहोर आणि ब्वेनोस आइरेसच्या कचरा डेपोंवर मिथेन मोजला, तेव्हाही आधी ट्रोपोमीने शहर दाखवलं आणि मग जीएचजीसॅट या कंपनीच्या बारीक नजरेच्या उपग्रहाने नेमका डेपो. आपल्याकडे कचरा डेपो किंवा आसवनीच्या (मद्यार्क कारखान्याच्या) सांडपाण्याचे तलाव पाहायचे तर हीच बारीक नजरेची जात लागेल. अंतराळ स्थानकावरच्या नासाच्या एमिट यंत्राला ६० मीटरपर्यंतचं दिसतं आणि त्याचा डेटा फुकट आहे, पण ते रोज येत नाही. मिथेनसॅट नावाच्या उपग्रहाकडून मोठी आशा होती. मार्च २०२४ मध्ये अवकाशात गेला आणि जून २०२५ मध्ये त्याचा संपर्कच तुटला. गावोगावच्या म्हशींचा मिथेन असा सुटा कधी दिसणार नाही, तो सगळ्या प्रदेशाच्या आकड्यात विरघळलेला असतो.

मग तुमच्या कामाचे उपग्रह कोणते? पाचटाचे. कारखाना म्हणतो शेतकरी पेटवतात, तर तेवढं तपासता येतं, आणि इथे उपग्रह तुमच्या बाजूने किंवा विरुद्ध, पण खरं बोलेल.

नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावर रोजच्या आगी दिसतात. व्हीअर्सचा ३७५ मीटरचा डेटा निवडा. मर्यादा एवढीच की तो उपग्रहही दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास येतो. आपल्याकडे पाचट पेटवतात ते बहुतेक संध्याकाळी, वारा पडल्यावर. एकर-दोन एकराचा फड अर्ध्या-पाऊण तासात राख होतो. म्हणून ठिपका नाही म्हणजे आग नाही असं कधीही म्हणू नका. उलट प्रत्येक ठिपका पाचटाचाच असंही नाही, वीटभट्टीही दिसते. तोच ठिपका त्याच जागी आठवडाभर असेल तर ते शेत नव्हे.

चुकलेल्या आगी पकडायला सेंटिनेल-२. दहा ते वीस मीटरची नजर, साधारण पाच दिवसांनी फेरी, डेटा कोपर्निकस ब्राउझरवर मोफत. आग नाही दिसली तरी जळलेला तुकडा दिसतो. पण सोलापुरात इथे एक खास फसगत आहे: आपली जमीनच काळी. ऊस निघाल्यावर नांगरलेलं काळं रान आणि जळलेला फड, साध्या चित्रात दोन्ही सारखेच. म्हणून साधं रंगीत चित्र पाहू नका. जळाल्याचा निर्देशांक, म्हणजे एनबीआर, आधीच्या आणि नंतरच्या फेरीचा काढून फरक पाहा, आणि शंका आली तर सायकल काढून त्या बांधावर जाऊन या. उभा ऊस पेटवून तोडला असेल तर तेही विचारून कळतं. जळीत उसाला कारखाने कपात लावतात, त्यामुळे कुणाचा ऊस जळीत गेला हे गावात सगळ्यांना पाठ असतं.

त्याच्या जोडीला घरचा पुरावा, आणि तक्रारीचा खरा जोर याच्यावर. काचेच्या तुकड्यावर व्हॅसलीनचा पातळ थर लावा, संध्याकाळी गच्चीवर ठेवा, सकाळी झाकून आत घ्या, मागे तारीख चिकटवा. मग शाळेच्या प्रयोगशाळेतलं दहा पट दाखवणारं भिंग लावून पाहा. बगॅसची काजळी लांबट, काळी, काडीसारखी दिसते; जळका असला तरी तंतू ओळखू येतो. कोळशाची राख राखाडी आणि पिठासारखी बारीक, भिंगाखाली वेगळे कण कळतही नाहीत. पाचटाची राख चपटी, पापुद्र्यासारखी आणि बोट लावताच चुरणारी, कारण ते पान असतं. तिन्ही प्रकारचे नमुने एकदा मुद्दाम गोळा करून शेजारी ठेवलेत की आठवीतली पोरंसुद्धा ओळखतील. हा प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे, पण अधिकाऱ्याला नमुना घ्यायला गावात यायला लावण्याइतका पुरेसा आहे.

काचेसोबत वही. रोजची तारीख, काजळी पडली की नाही, वारा कुठून, कारखाना चालू होता की बंद. वारा अंदाजाने लिहू नका, गच्चीवर फडकं बांधा. आपल्याकडे हिवाळ्यात वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून असतो. कारखाना तुमच्या पश्चिमेला असेल आणि तरी डिसेंबरात काजळी पडत असेल तर आधी त्याचाच खुलासा लागेल. गाळप मध्येच बंद पडून बॉयलर पुन्हा पेटवतात त्या रात्रीची नोंद वेगळी करा. आग मंद असताना धूर आणि काजळी जास्त निघते आणि वाद बहुतेक त्याच तासांचा असतो.

तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयात, वहीच्या प्रतीसह. तिथे उपग्रहाचा एकच कागद लावा: ज्या दिवशी काजळी पडली त्या दिवसांत वाऱ्याच्या दिशेला जळलेलं शेत होतं की नव्हतं याचा तक्ता. आणि माहितीच्या अधिकारात चिमणीच्या ऑनलाइन मोजणी यंत्राचे पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे मागा. साखर कारखाने केंद्रीय मंडळाच्या जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ उद्योगांच्या यादीत आहेत आणि त्यांना ही यंत्रं बसवणं बंधनकारक आहे. अर्जात नेमक्या तारखा आणि तास लिहा, तुमच्या वहीतल्या सगळ्यात काळ्या रात्रीचे. ‘गेल्या वर्षीची सर्व माहिती’ असं मागितलंत तर गठ्ठा मिळेल किंवा नकार. त्या आकड्यांत नेमका तोच तास ‘यंत्र दुरुस्तीत’ असेल तर तेही लिहून घ्या. अॅपचा लाल नकाशा घेऊन जाणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

शहराच्या पातळीवर उपग्रहाचा उपयोग मात्र जरूर होतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूर आहे, आणि नायट्रोजन डायऑक्साइडची हिवाळ्या-हिवाळ्याची सरासरी २०१८ पासून लावून पाहिली तर वाढ कुठल्या बाजूला सरकतेय हे कळतं. त्याला महिनोन्महिन्यांची सरासरी लागते, डेटासोबतच येणारा गुणवत्ता निर्देशांक पाहून ०.७५ च्या खालचे आकडे टाकून. एका दिवसाच्या चित्रावर कुणी भाषण करत असेल तर ऐकू नका.

आणि काचा गाळप सुरू झाल्यावर ठेवायला घेऊ नका. ऑक्टोबरमध्येच, बॉयलर पेटायच्या आधी, निदान पंधरा दिवस ठेवा. त्या दिवसांत काचेवर काय पडतं हे लिहिलेलं नसेल तर नोव्हेंबरातल्या काजळीबद्दल कारखान्याचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल.